कायम देखभालीची खात्री

खडकीत जुनं काय आहे, असं कुणी विचारलं की लोक दोन गोष्टी सांगतात. पहिली, ५ नोव्हेंबर १८१७ची लढाई. बापू गोखल्यांच्या हाताखालची पेशव्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीचं सैन्य इथल्या माळावर समोरासमोर आलं. पेशवे हरले आणि पुण्याचा कारभार बदलला. दुसरी गोष्ट म्हणजे त्यानंतर वसलेली छावणी. तिचा बाजार, तिची चर्चं, बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आणि १८६९चा दारूगोळा कारखाना.

पण यातलं जपलेलं काय, असं विचारलं तर उत्तर अवघड होतं. लढाईचा माळ आज कुणाला बोटाने दाखवता येत नाही. गणेशखिंडीपर्यंतचा तो सगळा पट्टा रस्ते, रूळ, कारखाने आणि वसाहतींखाली गेला. छावणीतले जुने बंगले एकेक करून उतरले. माझ्या पाहण्यात खडकीतली सगळ्यात नीट राखलेली जुनी जागा एकच आहे. मुळा रोडवरची वॉर सिमेटरी. आमच्या घरात तिला 'गोरों का कब्रस्तान' म्हणत.

मला अनेक वर्षं एक प्रश्न पडत आला आहे. या दफनभूमीत झोपलेल्यांचे नातेवाईक हजारो मैल दूर आहेत. बहुतेकांची तर आता नातवंडंही म्हातारी झाली असतील. इथल्या निवडणुकीत त्यांना मत नाही, त्यांच्या नावाने मोर्चा निघत नाही. तरी गवत वेळेवर कापलं जातं आणि दगडावरचं अक्षर पुसट झालं तर त्याची दखल घेतली जाते. याउलट आमच्या कब्रस्तानात लेकरं-नातवंडं दर शुक्रवारी येतात, शबे बरातला तर पाय ठेवायला जागा नसते. आणि तिथे तीस वर्षांपूर्वीची कबर सापडत नाही. माया आमच्याकडे जास्त आहे, जपणूक त्यांच्याकडे. असं का?

सोपं उत्तर 'पैसा' हे आहे. ते अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहायचं आहे.

खडकीची ही सिमेटरी मुळात कशासाठी झाली, हे पाहण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आणि मध्य भारतात मेलेले सैनिक ठिकठिकाणच्या दफनभूम्यांत पुरले गेले होते. त्यातल्या पुष्कळ ठिकाणी कायमच्या देखभालीची खात्री देता येत नव्हती. म्हणून ते सगळे अवशेष एका जागी, खडकीला आणले. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी इथे आहेत. १९६२मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून पहिल्या महायुद्धातल्या ६२९ जणांचे अवशेष इथे हलवले. आणि भारत-पाकिस्तानातल्या ज्या कबरी आता राखता येत नाहीत, त्यांतल्या पहिल्या महायुद्धातल्या माणसांची नावं इथल्या स्मारकावर कोरली. शिवडीची नावं धरून ती १,८००च्या वर भरतात.

'कायमच्या देखभालीची खात्री.' हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. जागा पवित्र आहे का, सुंदर आहे का, ऐतिहासिक आहे का, हे प्रश्न त्यांनी नंतर विचारले. आधी विचारलं की पन्नास वर्षांनी इथे झाडू कोण मारणार? ज्या जागेला याचं उत्तर नव्हतं, तिथून माणसं उचलून उत्तर असलेल्या जागी आणली.

हे काम करणारी संस्था म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. फेबियन वेअर नावाच्या माणसाच्या खटपटीतून २१ मे १९१७ रोजी शाही सनदेने ती स्थापन झाली. तेव्हा युद्ध अजून चालूच होतं. ती एखाद्या देशाचं सरकारी खातं नाही, नफा कमावणारी कंपनीही नाही. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत या सहा देशांच्या वर्गणीवर ती चालते. म्हणजे खडकीच्या हिरवळीत थोडा वाटा आपल्याही कराचा आहे. जगात दीडशेहून जास्त देशांत सुमारे सतरा लाख मृतांची नावं तिने सांभाळली आहेत.

तिची तत्त्वं मोजकी होती. प्रत्येक मृताचं नाव कुठेतरी कायमचं कोरलेलं असावं. सगळ्यांचे दगड एकसारखे असावेत. हुद्दा, वंश, धर्म पाहून फरक करू नये. श्रीमंत घरच्यांना आपल्या मुलाचं वेगळं, मोठं थडगं बांधायचं होतं, मृतदेह मायदेशी न्यायचे होते. त्यावर इंग्लंडच्या पार्लमेंटात मोठा वाद झाला. कमिशन हटलं नाही. कर्नलचा दगड आणि शिपायाचा दगड एकाच मापाचा राहिला.

हे वाचताना कुठल्याही मुसलमानाला ओळखीचं काहीतरी ऐकल्यासारखं वाटेल. कफन सगळ्यांना सारखं, सफ सगळ्यांना सारखी, मातीही सारखी. आपल्याकडे जे मिंबरवरून सांगितलं जातं, ते या लोकांनी नियमावलीत लिहिलं आणि त्याला माळी, गवंडी आणि हिशेबनीस जोडून दिला.

पण कमिशनला पीर करून चादर चढवण्याची गरज नाही. खडकीतच एक छोटं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात मेलेल्या पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या जवळपास दोनशे सैनिकांचं. त्यांच्या कबरी एकतर सापडत नाहीत किंवा राखता येण्यासारख्या जागी नाहीत. निदान त्यांची नावं तरी आहेत. पहिल्या महायुद्धातल्या पुष्कळांना तेवढंही मिळालं नाही. एप्रिल २०२१मध्ये कमिशनने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल बाहेर आला. त्यानुसार पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० मृतांचं स्मरण इतरांच्या बरोबरीने केलं गेलं नव्हतं. त्यात प्रामुख्याने भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्शियन माणसं होती. आणखी किमान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची, नावं कुठेच नव्हती. समतेचं तत्त्व युरोपच्या मातीत पाळलं गेलं, वसाहतींच्या मातीत नाही. कमिशनने जाहीर माफी मागितली आणि नावं शोधण्याचं काम हाती घेतलं.

मला यातली माफी दुय्यम वाटते. महत्त्वाचं हे की चूक शोधता आली. का शोधता आली? कागद होते म्हणून. शंभर वर्षांपूर्वीची पत्रं, शेरे, याद्या ठेवलेल्या होत्या. ज्या संस्थेकडे वही असते, तिचा अन्यायही वहीत सापडतो. जिच्याकडे वहीच नाही, तिच्यावर आरोपसुद्धा करता येत नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजू इंग्लंडमध्ये आहे. लंडनजवळ वोकिंग नावाचं गाव आहे. भोपाळच्या नवाब शाहजहान बेगम यांच्या देणगीतून १८८९मध्ये तिथे मशीद बांधली गेली. ब्रिटनमध्ये मशीद म्हणून बांधलेली ती पहिली इमारत. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांवर ब्रायटनच्या इस्पितळांत उपचार होत. मुसलमान सैनिकांना त्यांच्या रिवाजाने पुरलं जात नाही, असा प्रचार जर्मनीने केला. म्हणून मशिदीपासून जवळच, हॉर्सेल कॉमन नावाच्या मोकळ्या रानात, घुमटाची छत्री आणि कमानीचं दार असलेली छोटी दफनभूमी १९१७मध्ये पुरी झाली.

पुढे काय झालं? जागा एकाकी होती. नासधूस होऊ लागली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस सगळे अवशेष तिथून ब्रुकवूडच्या सैनिकी दफनभूमीत हलवले. रिकामी भिंत आणि दरवाजा पडत राहिला. ती वास्तू पुन्हा उभी केली ती त्या रानाची मालकी असलेल्या हॉर्सेल कॉमन प्रिझर्वेशन सोसायटी या स्थानिक संस्थेने आणि नगरपालिकेने मिळून, सरकारी वारसा-निधीची मदत घेऊन. २०१५मध्ये तिथे शांतता उद्यान सुरू झालं. २७ नावांचा एक दगड आणि २७ भूर्जवृक्ष. आता तिथे कबर एकही नाही. पण अविभाजित हिंदुस्थानातून गेलेल्या त्या मुसलमान शिपायांची नावं सरेतल्या एका रानात, तिथल्याच गावकऱ्यांच्या देखरेखीखाली आहेत. मूळ काम झाडं-झुडपं राखण्याचं असलेल्या संस्थेने हे केलं. आपल्या हद्दीत आहे म्हणजे आपल्यावर आहे, एवढाच त्यांचा हिशेब.

आता आपल्या घरात येऊ. अशा कामासाठी जगाने ट्रस्ट, सोसायटी, फाउंडेशन ही नावं काढली. आपल्याकडे त्याला वक्फ म्हणतात आणि ते फार जुनं आहे. हजरत उमर यांना खैबरमध्ये चांगली जमीन मिळाली. तिचं काय करावं, असं त्यांनी पैगंबरांना विचारलं. उत्तराचा आशय असा की मूळ राखून ठेव आणि उत्पन्न दान कर. ती जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. जो तिची व्यवस्था पाहील त्याने रीतसर पोटापुरतं घ्यावं, पण त्यातून स्वतःची माया जमवू नये. ना-नफा संस्थेची याहून नेमकी व्याख्या मी तरी कुठल्या कायद्याच्या पुस्तकात वाचलेली नाही.

या गोष्टीत दोन तपशील असे आहेत जे आपल्या तकरीरींत क्वचित येतात. पहिला, उमर यांनी हे तोंडी सोडलं नाही. मुऐकीब या लेखनिकाकडून त्याचा दस्त लिहून घेतला, त्यावर साक्ष घातली. दुसरा, आपल्या पश्चात व्यवस्था कोण पाहणार हेही त्यात लिहिलं. तिथे मुलाचं नाव नव्हतं. नाव होतं हफ्सा यांचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं. आपल्या परंपरेतल्या सर्वांत गाजलेल्या वक्फची मुतवल्ली एक बाई होती.

मुतवल्ली म्हणजे मालक नव्हे. मुतवल्ली म्हणजे ज्याच्यावर सोपवलं आहे तो. तो चांगला की वाईट हे त्याने काय बांधलं यावरून ठरत नाही. तो गेल्यावर पुढच्या माणसाच्या हातात काय येतं, यावरून ठरतं. किल्ली, नकाशा, हिशेब आणि वही. एवढं आलं तर तो चांगला.

गेली काही वर्षं मी आमच्या भागातल्या एका कब्रस्तानाच्या कमिटीत बसतो. नाव सांगत नाही, कारण हीच गोष्ट दहा ठिकाणची आहे. एका शुक्रवारी सोलापूरहून एक गृहस्थ आले. पन्नाशी उलटलेले. वडील खडकीच्या कारखान्यात कामाला होते, १९७४मध्ये वारले, इथेच पुरले. आई तेव्हा मुलांना घेऊन माहेरी गेली ती परत आली नाही. आता आईही गेली. या माणसाला वडिलांच्या कबरीवर एकदा फातिहा पढायचा होता.

आमच्या कपाटातल्या वह्या १९९०च्या पुढच्या. आधीच्या एका पेटीत होत्या, त्यांना वाळवी लागली. कबर खोदणाऱ्या चाचांचे वडील असते तर त्यांनी सांगितलं असतं, असं चाचा म्हणाले. शेवटी कुणीतरी कडुनिंबाकडे हात करून म्हणालं, त्या काळात तिकडे पुरत असत. त्यांनी त्या दिशेला तोंड करून हात उचलले. आमच्यातले एक बुजुर्ग त्यांची समजूत घालत म्हणाले, "भाई, फातिहा तो सबको पहुँचता है."

ते म्हणाले, "वो तो पहुँचता है, हाजीसाब. पर नाम कहीं लिखा तो होगा?"

कुणी काही बोललं नाही.

यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर असतं. इस्लाममध्ये पक्की कबर नाही, माणूस मातीत मिळावा, काही वर्षांनी त्याच जागी दुसरा पुरला जावा. मला ते मान्य आहे. शहरात जागेची इतकी टंचाई असताना तर हीच रीत शहाणपणाची आहे. पण उस्मान बिन मजऊन यांच्या कबरीच्या उशाशी पैगंबरांनी स्वतः एक दगड आणून ठेवला होता. कशासाठी, तर भावाची कबर ओळखता यावी म्हणून. थडगं नको याचा अर्थ खूण नको असा होत नाही. आणि दगड नको म्हणणाऱ्यांनी वही नको असं कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

त्याच महिन्यात कमिटीपुढे ठराव होता, कब्रस्तानाला नवी कमान बांधायची. संगमरवरी, वर हिरवी अक्षरं, बाजूला देणगीदारांच्या नावांची पाटी. वर्गणी जमायला लागलीही होती. मी म्हणालो, कमानीआधी नकाशा करू. रांगा पाडू, क्रमांक देऊ, नोंदवही नव्याने करू, जुन्या वह्यांचे फोटो काढून ठेवू, घरोघर जाऊन म्हाताऱ्यांकडून आठवणीतली नावं लिहून घेऊ. एक तरुण सदस्य प्रामाणिकपणे म्हणाला, "भाईजान, वहीसाठी कोण पैसे देईल? वहीवर नाव कुठे येतं?"

त्याने नकळत अख्खा विषय सांगितला. आपल्याकडे वारसा जपणं म्हणजे काहीतरी नवं बांधणं. दर्ग्याला फरशी, मशिदीला टाइल, कबरीला ग्रॅनाइट. जपणुकीतली बरीच मेहनत तर अशी चांगल्या मनाने केलेली कामं निस्तरण्यात जाते. आगा खान ट्रस्ट फॉर कल्चरने दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याचं काम हाती घेतलं, तेव्हा छतावर विसाव्या शतकात दुरुस्ती म्हणून ओतलेलं सुमारे दहा लाख किलो काँक्रीट कारागिरांना हाताने काढावं लागलं. हे आगा खान म्हणजे ज्यांच्या आजोबांनी १८९२मध्ये येरवड्याजवळ महाल बांधला तेच घराणं. कस्तुरबा आणि महादेवभाई जिथे गेले, तो महाल १९६९मध्ये त्यांनी देशाला देऊन टाकला. त्यांच्याच ट्रस्टने २००७पासून निजामुद्दीन बस्तीत काम सुरू केलं. चौदाव्या शतकातली बावडी दुरुस्त केली, गाळ उपसला. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. बस्तीतली पालिकेची शाळा, दवाखाना, शौचालयं, बायकांच्या हाताला काम, हेही त्याच आराखड्यात घेतलं. जुन्या भिंतीला टेकून जी माणसं राहतात ती खचलेली असतील तर भिंत टिकत नाही, हे त्यांना उमगलं होतं.

आमच्याकडे आगा खानांचा पैसा नाही, कमिशनमागे उभे असलेले सहा देश नाहीत. पण वहीला तेवढं लागतही नाही. आणि आता ती चैनही राहिलेली नाही. २०२५च्या दुरुस्तीने, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरावरून जागा वक्फ मानण्याची वाट पुढच्यासाठी बंद झाली. त्या कायद्याबद्दल माझं मत कडक आहे आणि ते मी पूर्वी लिहिलं आहे. पण कायदा चांगला असो की वाईट, 'आमचे बापजादे इथेच पुरलेत' हे सांगायला उद्या कागद लागणार. १९७४च्या त्या कामगाराचं नाव एखाद्या पानावर असतं, तर ते त्याच्या मुलाच्या उपयोगी पडलं असतं आणि जमिनीच्याही.

कमिटीत दोन बैठका वाद झाला. शेवटी तोड निघाली. कमान पुढच्या वर्षावर गेली आणि त्या पैशातला एक भाग नोंदणीला मिळाला. वही कोण ठेवणार, यावर पुन्हा शांतता पसरली. ज्याला सवड आहे त्याचं अक्षर वाईट, ज्याचं अक्षर चांगलं तो कामावर. जमातीतल्या एका मुलीचं नाव मी सुचवलं. बी. कॉम. झालेली, बचत गटाचे हिशेब ठेवणारी. एक जण लगेच म्हणाले, औरतों का कब्रस्तान से क्या काम? मी हफ्सांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, मौलानांना विचारून सांगतो. मौलाना म्हणाले, गोष्ट बरोबर आहे, तुम्हाला ठाऊक नव्हती का?

तिने काम घेतलं. आमच्यापैकी कुणाला न विचारता रकाने पाडले. नाव. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. बायकांसाठी आईचं नाव वेगळं. राहणार कुठला. इंग्रजी तारीख, हिजरी तारीख. रांग, क्रमांक. कबर खोदणाऱ्याचं नाव. हा शेवटचा रकाना पाहून चाचा दोन मिनिटं वहीकडे बघत राहिले.

आतापर्यंत चारशेच्या आसपास जुनी नावं आठवणीतून गोळा झाली आहेत. त्यातल्या पुष्कळांपुढे रांग-क्रमांकाचा रकाना कोराच राहणार. सोलापूरच्या त्या गृहस्थांना मी फोन केला आणि वडिलांचं पूर्ण नाव, गाव, कारखान्यातलं खातं विचारून घेतलं. १९७४च्या पानावर आज ते एकच नाव आहे. पानाच्या खाली तिने एक ओळ लिहून ठेवली आहे, ती पुढे वही ज्याच्या हाती जाईल त्याच्यासाठी. 'या वर्षीची आणखी नावं मिळाल्यास इथे भरावीत, जागा सोडली आहे.'